एकशे वीस तासांची उमेदवारी

‘उमेदवारी’ हा शब्द आता निवडणुकीच्या बातम्यांपुरता उरला आहे. दोन पिढ्यांपूर्वी त्याचा अर्थ निराळा होता. मॅट्रिक झालेला मुलगा एखाद्या पेढीवर, वकिलाच्या कचेरीत किंवा छापखान्यात नाममात्र मोबदल्यावर काम शिकण्यासाठी राही, त्याला उमेदवारी करणे म्हणत. वऱ्हाडात व्यापारासाठी राजस्थानातून आलेल्या घराण्यांत तर ही रीत अंगवळणी पडलेली होती. नवा तरुण प्रथम दुसऱ्याच्या मोठ्या पेढीवर गुमास्ता म्हणून राही, बाशात जेवे, रोजमेळ लिही, खतावणी करी, वसुलीसाठी गावोगाव फिरे आणि पुरेशी पत व थोडे भांडवल जमले की स्वतःचे दुकान मांडी. वडिलांच्या गादीवर थेट जाऊन बसण्याची पद्धत नंतरची आहे. ती सुबत्तेबरोबर आली आणि तिच्याबरोबर परक्या पेढीवरची शिस्त घराबाहेर गेली.

ती जुनी रीत आता विद्यापीठाच्या नियमांच्या वाटेने परत येत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत २०२३-२४ पासून प्रत्यक्ष कार्यानुभवाला, म्हणजे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला, श्रेयांक देण्यात आले. संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांना हे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. राज्याच्या आराखड्यात या कामाला ४ श्रेयांक आहेत. एका श्रेयांकामागे ३० तास धरले तर एकूण १२० तास होतात. बुलडाणा जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाला संलग्न आहेत. खामगाव, बुलडाणा, चिखली, मलकापूर, मेहकर येथे बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्यांना हे तास कोठेतरी, कोणाच्या तरी देखरेखीखाली पूर्ण करायचे आहेत.

प्रश्न ‘कोठे’ हाच आहे. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला कंपन्यांची दारे जवळ असतात. बुलडाणा जिल्ह्यात खामगावच्या औद्योगिक वसाहतीत हिंदुस्थान युनिलिव्हरसारखा कारखाना आहे, शेगावला संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय व संस्थानाचा मोठा व्याप आहे, परंतु तेरा तालुक्यांतील विद्यार्थिसंख्येच्या मानाने अशा जागा थोड्याच. उरते ती बाजारपेठ : अडत दुकाने, जिनिंग-प्रेसिंग, दाल मिल, खतबियाण्यांची दुकाने, कापड व सराफी पेढ्या, औषधांचे ठोक व्यापारी, पतसंस्था आणि करसल्लागारांची कार्यालये. यांतील मोठा भाग व्यापारी कुटुंबांच्या हाती आहे आणि त्यांत जैन कुटुंबांचा वाटा लहान नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयीन मुलांच्या पहिल्या अनुभवाची किल्ली, कोणी मागितली नसतानाही, या कुटुंबांच्या कमरेला येऊन लटकली आहे.

आणि येथेच एक मोह उभा राहतो. विद्यार्थी छापील नमुना घेऊन येतो, ‘‘शेठजी, फक्त सही-शिक्का पाहिजे,’’ म्हणतो. ओळखीच्या घरचा मुलगा, सही करायला लागते अर्धे मिनिट. मुलाचे काम होते, दुकानातील वर्दळीत कोणाला शिकवीत बसण्याची कटकट टळते, महाविद्यालयाच्या कपाटात कागद जमा होतो. बँकिंगच्या परिभाषेत अशा कागदाला जवळचा एक शब्द आहे : सोयीची हुंडी. मागे कोणताही खरा व्यवहार नाही, केवळ एकमेकांच्या सोयीसाठी काढलेली. हुंडीच्या जगात अशा कागदावर सही करणाऱ्याची पत एक दिवस जातेच, कारण पुढे कोणीतरी त्या सहीवर विसंबून पैसे मोजतो. येथे विसंबून राहणारा माणूस म्हणजे मुलाला पहिली नोकरी देणारा मालक. त्याने चार प्रश्न विचारले की मुलगा गप्प होतो आणि प्रमाणपत्रावरील पेढीचे नाव त्या शांततेत वाचले जाते. तीन पिढ्यांनी राखलेल्या नावाचा याहून स्वस्त विक्रय क्वचितच होत असेल.

खऱ्या १२० तासांत एक पेढी काय देऊ शकते, हे पाहायचे तर कापसाचेच उदाहरण घ्यावे. या जिल्ह्याची ती जुनी ओळख आहे. जलंबहून खामगावला जाणारा रेल्वेचा फाटा कापसासाठीच टाकला गेला आणि १८७० मध्ये व्हाईसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला खामगावी आले होते. आज बी.कॉम.चा विद्यार्थी परिव्ययलेखा, म्हणजे कॉस्टिंग, हा विषय पुस्तकातून शिकतो. त्यात संयुक्त उत्पादनाचा खर्च वाटून देण्याचे एक प्रकरण असते आणि ते बहुतेकांना रटाळ वाटते. तेच प्रकरण जिनिंगच्या अंगणात ट्रॉलीतून रोज खाली होत असते.

समजा, कापूस ७,००० रुपये क्विंटलने घेतला. रेचणी, दाबणी व इतर खर्च ४०० रुपये धरला. एका क्विंटलातून ३४ किलो रुई व ६४ किलो सरकी निघाली, २ किलो घट गेली. सरकी ३० रुपये किलोने विकली तर १,९२० रुपये आले. उरलेले ५,४८० रुपये ३४ किलो रुईवर पडले, म्हणजे किलोला सुमारे १६१ रुपये आणि ३५६ किलोंच्या खंडीला सुमारे ५७,४०० रुपये. आता रुईचा उतारा ३४ ऐवजी ३३ किलो आला आणि सरकी ६५ किलो निघाली, तर हीच खंडी सुमारे ५८,८०० रुपयांना पडते. एका किलोच्या फरकाने खंडीमागे चौदाशे रुपये गेले. हे आकडे केवळ गणितासाठी घेतले आहेत, भाव रोज हलतात. पण हा हिशेब ज्याने स्वतः मांडला, त्याला जुना व्यापारी कापूस मुठीत दाबून ओलावा का पाहतो, सरकी दाताखाली का फोडतो, आठ टक्के ओलाव्याचा माल आणि बारा टक्क्यांचा माल एका भावात का बसत नाही, हे कोणी सांगावे लागत नाही. १७० किलोंची एक गाठ बांधायला चौतीसच्या उताऱ्याने बरोबर पाच क्विंटल कापूस लागतो, हे त्याला झोपेतही आठवेल.

कराचे तसेच. वर्गात वस्तू व सेवा कराची व्याख्या पाठ होते. शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेताना कर विकणाऱ्याने नव्हे, तर घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने भरायचा असतो, ही ‘रिव्हर्स चार्ज’ची गोष्ट परीक्षेत दोन गुणांची टीप असते, पेढीवर ती महिन्याच्या रोकडीचा प्रश्न असते. ई-वे बिल केव्हा लागते, बिल्टीवरील वजन आणि काट्यावरील वजन जुळले नाही तर ट्रक कोठे थांबतो, दर महिन्याच्या ११ तारखेच्या विवरणपत्रात चूक राहिली तर २० तारखेला काय अडते, आणि समोरच्या व्यापाऱ्याने आपले विवरणपत्र भरलेच नाही तर त्याची झळ आपल्याला कशी बसते, हे सारे मुनीमजींच्या शेजारी बसून आठवडाभरात कळते. अडतीच्या दुकानात सकाळची हर्रासी, मापाऱ्याची नोंद, हमाली-तोलाईची आकारणी आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारी पट्टी या साखळीत एक छोटे अर्थशास्त्र सामावलेले आहे.

अर्थात १२० तास टेबल पुसण्यात आणि चहा सांगण्यातही जाऊ शकतात. थोडा चहा सांगावा लागला तर बिघडत नाही, जुन्या उमेदवारीत ते होतेच. मात्र विद्यार्थ्याने रोज एक पान लिहावे आणि मालकाने आठवड्यातून एकदा ते वाचावे, एवढा दंडक ठेवला तरी तासांना आकार येतो. आज काय पाहिले, कोणता आकडा समजला नाही, कोणाला विचारले. असे तीस-चाळीस पानांचे टिपण कोणत्याही छापील प्रमाणपत्राहून वजनदार ठरते.

मालकांच्या मनात एक भीती असते आणि ती अनाठायी नाही. परक्या मुलासमोर वह्या उघडायच्या कशा? ग्राहकांची यादी, खरेदीचे भाव, उधारी ही तर पेढीची तिजोरीच. त्यावर साधा उपाय आहे. दोन-तीन वर्षांपूर्वीची, हिशेब पूर्ण झालेली व नावे झाकलेली कागदपत्रे अभ्यासाला द्यावीत आणि चालू कामात वजन, आवक-जावक, गोदामातील साठा, मालाची प्रत यांवर लक्ष द्यायला सांगावे. सनदी लेखापालांच्या कार्यालयांत, जेथे गुप्तता याहून कडक असते, तेथे उमेदवारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सी.ए.ची आर्टिकलशिप पूर्वी तीन वर्षांची होती, जुलै २०२३ पासून ती दोन वर्षांची झाली. तिच्यावाचून सी.ए. होता येत नाही, हा नियम मात्र हललेला नाही. समाजातील अनेक घरांत एखादा तरी सी.ए. आहे. त्याला विचारावे की परीक्षेने अधिक शिकवले की आर्टिकलशिपने.

आता प्रश्न घरच्या मुलांचा. व्यापारी घरातील मुलाचे १२० तास कोठे जातील, याचे उत्तर बहुधा ठरलेले असते : बाबांच्या दुकानात. कागदोपत्री ते चालेल. पण जो मुलगा लहानपणापासून गल्ल्याशेजारी वाढला, त्याला तेथे नवे काय दिसणार? शिवाय मालकाच्या मुलाला कोणी चूक दाखवीत नाही. मुनीमजी त्याला ‘छोटे शेठ’ म्हणतात आणि तेथेच त्याचे शिक्षण थांबते. त्याने निदान हे तास तरी परक्या छपराखाली काढावेत. कापडवाल्याच्या मुलाने गोदामात जावे, सराफाच्या मुलाने बियाणे कंपनीच्या शेतावर. देऊळगाव राजा परिसरात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन होते. तेथे परागीकरणाच्या दिवसांत मजुरीचा, मुदतीचा आणि करारातील अटींचा जो ताण असतो, तो पाहिला म्हणजे दुकानातील बियाण्याच्या छोट्या पाकिटाची किंमत कळते. मेहकर, सिंदखेड राजा या बाजूने समृद्धी महामार्ग गेला आहे. वाहतूक, साठवण, शीतगृह यांत शिकण्यासारखे आणि पुढे करण्यासारखे पुष्कळ आहे.

बुलडाणा अर्बन या पतसंस्थेचे उदाहरण याच जिल्ह्यातले. १९८६ मध्ये राधेश्याम चांडक यांनी ती अगदी लहान भांडवलावर सुरू केली. आज तिच्या शाखा राज्याबाहेरही आहेत आणि शेतमाल गोदामात ठेवून त्यावर कर्ज देण्याचे काम ती मोठ्या प्रमाणावर करते. माल विकायची घाई नको आणि हाती पैसाही हवा, या शेतकऱ्याच्या अडचणीतून गोदाम पावतीचा व्यवहार उभा राहतो. तो एका हंगामात समजून घेतलेला वाणिज्य पदवीधर बँकेच्या मुलाखतीत पुस्तकी उत्तर देणार नाही.

आरंभीचा परका अनुभव माणसाला कोठे नेतो, याची मोठी उदाहरणे समाजाच्या इतिहासात आहेत. सोलापूरच्या कापूस व सावकारीच्या घरात १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद घरच्या गादीवर रमले नाहीत. रेल्वेत कारकून राहिलेल्या फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी रेल्वे बांधकामाची कंत्राटे घेतली आणि पुढचा जहाज, विमान व मोटार उद्योगांचा विस्तार त्या वाटेवरून झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव शिक्षणाशी जोडलेले आहे, पण त्याआधी ते ओगले काच कारखान्याचे व किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून खेडोपाडी हिंडले होते. खेड्यातील मुलाचे शिक्षण का थांबते, हे त्यांनी त्या फिरतीत जवळून पाहिले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेतून त्यांनी ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना रुजवली. श्रम आणि शिक्षण यांची फारकत त्यांना मान्य नव्हती. आज विद्यापीठे ज्याला कार्यानुभवाचे श्रेयांक म्हणतात, त्याची मराठी मुळे येथे आहेत, हे धोरणाच्या कागदांत फारसे कोणी लिहीत नाही.

तिसरे उदाहरण तर शेजारच्या जामनेर तालुक्यातले, वाकोदचे. भवरलाल जैन वाणिज्य व कायद्याचे पदवीधर होते. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी चालून आली असताना त्यांनी ती घेतली नाही. १९६३ मध्ये कुटुंबाच्या बचतीतील सात हजार रुपयांवर रॉकेल विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली, पुढे शेतीला लागणाऱ्या वस्तूंच्या व्यापारात ते शिरले. १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेऊन त्यात पपईपासून पपेन काढले, मग पीव्हीसी पाइप आणि नंतर ठिबक सिंचन. सुशिक्षित मुलाने रॉकेल विकणे त्या काळी कित्येकांना कमीपणाचे वाटले असेल. पण शेतकऱ्याला काय हवे आहे याची पहिली ओळख काउंटरवरच होते, कार्यालयाच्या टेबलावर नव्हे.

मुलींच्या बाबतीत मात्र समाजाने स्वतःशी अधिक प्रामाणिक व्हायला हवे. व्यापारी घरातील मुली आज एम.कॉम. होतात, उत्तम गुण मिळवतात आणि कार्यानुभवाची वेळ आली की घरात चर्चा सुरू होते : मुलगी बाजारात कशी बसणार? मग काकांच्या दुकानाचा शिक्का कामी येतो आणि तिचे १२० तास कागदावरच राहतात. मुलाची खोटी सही आळसातून येते, मुलीची काळजीतून येते, परिणाम एकच. वास्तविक करसल्लागाराचे कार्यालय, पतसंस्थेची शाखा, रुग्णालयाचा हिशेब विभाग, औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याकडील साठ्याची नोंद या जागा तालुक्याच्या गावी उपलब्ध आहेत. दुपारी अकरा ते दोन अशी वेळ ठरवता येते, दोन मैत्रिणींना एकत्र पाठवता येते. पाच वर्षांनी सासरच्या व्यवसायात तिला हिशेब पाहायचा असेल किंवा पुण्यात नोकरी करायची असेल, तर पदवीच्या जोडीला सांगण्यासारखे काही तिच्याजवळ असेल. विवाहाच्या परिचयपत्रात ‘एम.कॉम.’ लिहिण्यासाठी दोन वर्षे घालवणे, हा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याला पटू नये.

आणखी एक विद्यार्थी आहे, ज्याचे काका दुकानदार नाहीत. मोताळा किंवा संग्रामपूर तालुक्यातील शेतकऱ्याचा मुलगा, ज्याचे वडील वर्षानुवर्षे त्याच अडतीवर सोयाबीन व कापूस आणतात. त्याला शिक्का मागायलाही कोणी नाही. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने शासनाच्या सहकार्याने बुलडाणा जिल्ह्यात तलावांतील गाळ काढण्याची मोहीम घेतली, जेसीबी व पोकलेन यंत्रे उभी केली. तो गाळ शेतकऱ्यांच्या शेतात गेला. तेव्हा कोणाच्या शेतात जातो हे विचारले गेले नव्हते. आता त्याच शेतकऱ्याच्या मुलाला तीन तास दुकानात बसू देण्यासाठी डिझेलचा खर्चही नाही. त्यात पेढीचा स्वार्थही आहे. चांगला मुनीम मिळत नाही ही तक्रार प्रत्येक बाजारपेठेत ऐकू येते आणि चाळीस दिवस काम पाहिलेल्या मुलाची पारख जाहिरातीतून आलेल्या अर्जापेक्षा खात्रीची असते.

शासनाच्या योजना आहेत, पण त्यांची जागा वेगळी आहे. २०२४ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना मोठ्या कंपन्यांतील बारा महिन्यांच्या अनुभवासाठी आणि सुरू झाली तेव्हा पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्यांना ती खुली नव्हती. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही त्याच वर्षीची. तीत पदवीधरास दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले. या पदवीनंतरच्या पायऱ्या होत. शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यान्वये चार किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला स्वेच्छेने शिकाऊ उमेदवार घेता येतो, हे लहान पेढ्यांच्या सहसा ध्यानात नसते. तीस माणसांपासून पुढे ते बंधनकारकच आहे.

विद्यार्थ्याला काही मोबदला द्यावा का? जाण्यायेण्याचे एसटीचे भाडे तरी द्यावेच. त्याहून अधिक ज्याच्या त्याच्या ऐपतीवर.

वेळेचा मेळ अवघड नाही. रोज तीन तास धरले तर चाळीस दिवसांत १२० तास भरतात. हिवाळी परीक्षा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत कापूस व तुरीची आवक असते, त्या दिवसांत पेढीवर शिकण्यासारखे सर्वाधिक असते आणि नेमकी तेव्हाच मालकाला सवड नसते. म्हणून बोलणी दिवाळीआधी व्हावीत. गावातील चार-पाच व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन महाविद्यालयाच्या प्राचार्यांना भेटावे, कोणत्या पेढीवर कोणते काम पाहायला मिळेल याची एक पानी यादी द्यावी, विद्यार्थी कोण पाहणार त्या मुनीमजींचे वा घरातील जबाबदार व्यक्तीचे नाव ठरवावे. टिपणवही पाहिल्याखेरीज सही होणार नाही, हे त्याच भेटीत स्पष्ट सांगावे. आणि एका पेढीवर एका हंगामात दोनच विद्यार्थी घ्यावेत. तिसरा आला तर त्याला शेजारच्या दाल मिलचा पत्ता द्यावा आणि तेथे आधी फोन करून ठेवावा.